दुखण्याची आणेवारी

तार आली की ती वाचण्याआधी रडायचे, असा आमच्या घरचा रिवाज होता. तारवाल्याची सायकल वेशीतून आत शिरली की आजी चुलीपुढून उठून दारात यायची आणि डोळ्यांना पदर लावूनच विचारायची, "कोन गेलं बाप्पा?" एकदा त्या तारेत मामाला मुलगा झाल्याची बातमी होती. पण रडणे सुरू झालेले होते. ते यथासांग पुरे करूनच आजीने साखर वाटली. पुढे तारेची जागा ट्रंककॉलने घेतली, ट्रंककॉलची जागा चौकातल्या पिवळ्या पाटीच्या दुकानाने घेतली, आणि १५ जुलै २०१३ रोजी तारेची सेवा कायमची बंद झाली तेव्हा आमच्या गावच्या गुराख्याच्या खिशातही फोन वाजत होता. पण रिवाज इतक्या लवकर जात नाहीत. अवेळी फोन वाजला की आमच्या घरातल्या बायका अजून एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात.

असल्या या अशुभ यंत्राबद्दल मी सणाच्या दिवसांत चार बऱ्या गोष्टी लिहायला बसलो आहे, याचे कारण एक परिचारिका. तिला मी पाहिलेले नाही. तिनेही आमचे घर पाहिलेले नाही. पण २०२०च्या चैत्रापासून श्रावणापर्यंत त्या घरात कोण किती जेवले आणि कोण किती झोपले, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही लोक दोन भाग करतो: घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर, लोणार. तिकडची हवा थंड आणि माणसेही थोडी थंड, असे आमचे म्हणणे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. इकडे कापूस, ऊन आणि बोलणे ही तिन्ही पिके भरघोस. आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणूनच की काय कोण जाणे, माणसे तोंड सारखे बोलण्यात गुंतवून ठेवतात.

त्यातही माझ्या थोरल्या भावाचे, दादांचे बोलणे म्हणजे गावाला ऐकू जाणारे. ते खामगावच्या बाजारात एका अडत दुकानावर हर्रास बोलायला होते. खामगावची कापसाची पेठ जुनी. या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. त्या बाजारात दादा सकाळी गाडीवर उभे राहून बोली पुकारू लागले की बाहेरच्या रस्त्यावरच्या बैलांचे कान उभे राहत, असे लोक म्हणत. त्यात बैलांचा भाग थोडा वाढवलेला असेल. पण आवाज खरोखरच तसा होता. घरी येऊन ते वहिनींना पाणी मागत तेही "एक तांब्या, एक तांब्या, कोणी देता का दुसरा" अशा थाटात.

आवाजाबरोबर तंबाखूची डबीही होती. चुना लावून चोळलेली चिमूट गालात ठेवल्याशिवाय बोलीला रंग येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली तेव्हा ते मला म्हणाले, "मास्तर, आपन त्यातले नाही. आपली साधी तंबाखू हाये." साध्या तंबाखूनेही तेच केले. २०१९च्या दिवाळीनंतर जिभेच्या कडेला एक चट्टा दिसू लागला. तो भरेना. आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा सर्वांत पुढे आहे, हे मी वर्तमानपत्रात कितीदा तरी वाचले होते. पण वर्तमानपत्रात जे असते ते दुसऱ्यांच्या घरचे असते, नाही का?

वऱ्हाडात आजाऱ्याला भेटायला जाणे हा एक सोहळा आहे. बातमी फुटल्याबरोबर माणसांची रीघ लागली. बिस्किटाचे पुडे आणि नारळ यांनी कोनाडे भरले. जो तो एक उपाय घेऊन येई. कोणी शेगावचा अंगारा आणला, कोणी सैलानीची वारी सुचवली, कोणाच्या मेव्हण्याचा साडू गोमूत्र पिऊन उठून बसला होता. एकच शब्द मात्र कोणी उच्चारीत नव्हते. "तो आजार" म्हणत, "मोठं दुखनं" म्हणत, फार झाले तर "गाठ" म्हणत. एक म्हातारे गृहस्थ तर दादांसमोर बसून मला म्हणाले, "यायले काहीच झालं नाही, मास्तर. पन जमीनजुमल्याचं पाहून घ्या." दादांनी मान वळवून भिंतीकडे तोंड केले. भेटायला येणारे लोक वाईट नसतात. ते घाबरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस फार बोलतो.

मुंबईला नेले. इस्पितळाचे नाव घेत नाही. गर्दी सगळीकडे सारखीच. पण कर्करोगासाठी मुंबई गाठायची ही वाट आपल्याकडे कशी पडली ते सांगण्याजोगे आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेव्हापासून विदर्भातून जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत तोंडाला उपरणे गुंडाळलेला एखादा माणूस आणि त्याच्या उशाशी बसलेली एखादी बाई दिसली नाही असा दिवस गेला नसेल. ही माणसे राहतात कोठे? पुष्कळशी दादरला, गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. बाबा आमच्या वऱ्हाडचे, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचा जन्म १८७६चा, आणि बेलसाहेबांच्या टेलिफोनमधून पहिले शब्द गेले तेही १८७६ सालीच. दोन्ही घटनांत जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. जीभ काढावी लागली. हर्रास बोलणारा माणूस मुका झाला. नाकातून पोटात एक नळी बसवली आणि त्याच नळीवाटे जेवण. फेब्रुवारीच्या शेवटी दादा घरी आले. निघताना तिथल्या एका डॉक्टरांनी कागदावर एक नंबर लिहून दिला आणि सांगितले, "आमच्या सिस्टर फोन करतील." वहिनींनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. तिथे ठेवलेल्या वस्तूकडून आम्ही फारशी अपेक्षा करीत नाही.

मी बुलढाण्याला राहतो. पाडव्याला चार दिवस होते, तेव्हा आठ दिवस राहून यावे म्हणून दोन सदरे घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, मग गाड्या बंद, आणि २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी, सगळा देशच बंद झाला. दोन सदऱ्यांवर मी पाच महिने काढले. एप्रिलात दादांना मुंबईला दाखवायला न्यायचे होते, ते राहिले. भेटायला येणाऱ्यांची रीघ एका रात्रीत आटली. ज्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे तिथे आता चिमण्या उतरू लागल्या. वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, ते गोमूत्रवाले आले असते तरी चाललं असतं."

अशा वेळी फोन वाजला.

आमच्या घरात फोनची रेंज एकाच जागी येते: ओसरीच्या पूर्वेच्या खांबापाशी, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर. त्या खांबाला वहिनींनी खिळा ठोकून एक कापडी पिशवी लटकावली होती आणि फोन तिच्यात राहत असे. वाजला की पिशवीच गाऊ लागे. वहिनींनी उचलला. पलीकडून एक बाई म्हणाली, "ताई, मी मुंबईहून सिस्टर बोलते. दादा कसा आहे? जेवण झाला का?"

ती केरळची होती. मुंबईत वीस वर्षे काढून मराठी शिकली होती, पण मराठीतल्या लिंगांशी तिने कधी सलोखा केला नाही. औषध 'दिला', पाणी 'दिला', झोप 'आला'. वहिनींना पहिल्या दिवशी हसू आवरेना. कित्येक आठवड्यांनी त्या घरात कोणी हसले, ते त्या चुकीच्या मराठीमुळे. पुढे वहिनीही तिच्याशी तसेच बोलू लागल्या आणि आता एखादे वेळी माझ्याशीही बोलतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी, चारच्या सुमारास फोन येई. मी शाळामास्तर; परीक्षा घेणे माझ्या हाडीमांसी खिळलेले. म्हणून सुरुवातीला मी शेजारी बसून ती काय विचारते ते टिपून घेत असे. नळीत आधी पाणी सोडता का, मग पेज, मग पुन्हा पाणी? (वहिनी म्हणाल्या, "हाव जी, दांडातलं पानी सोडल्यावानी.") पेज कपड्यातून गाळता का? पाणी खारे वापरता की गोडे? जेवण देताना दादांना उठवून बसवता का, आणि नंतर अर्धा तास तसेच बसू देता का? यात भावनेचा काही संबंध मला दिसेना. पण एवढे सगळे विचारून झाल्यावर ती म्हणे, "आता ताईचा सांगा." वहिनी म्हणत, "माह्यं काय?" ती गप्प राही. फोनवरची शांतता किती लांब असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या शांततेत वहिनी बोलू लागल्या. मी वही मिटून उठलो आणि मागल्या दारी जाऊन गुरांना पाणी दाखवले.

दुखणे किती आहे हे मोजण्याची त्या लोकांची एक पद्धत असते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. मधला आकडा सांगायचा. वहिनींना हे काही केल्या समजेना. "दुखनं हाये ते दुखनं हाये, त्याले आकडा कायचा?" सिस्टरने दोनतीनदा समजावले. शेवटी मीच मध्ये पडलो आणि म्हणालो, "वहिनी, आणेवारी सांगा."

आणेवारी म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरी सांगावे लागत नाही. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. उभ्या पिकाचा अंदाज सोळा आण्यांच्या हिशेबाने करण्याची ही सरकारी रीत. पुढे कागदोपत्री तिला पैसेवारी म्हणू लागले, पण लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. ती आठ आण्यांच्या खाली आली की गावाला टंचाईची सवलत मिळायची, म्हणून सरकारी आणेवारी नेहमी खऱ्यापेक्षा चढी निघते, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार. सिस्टरला हे सगळे फोनवर समजावून देताना माझी पाच-सात मिनिटे गेली. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "चांगला आहे. दहापेक्षा सोळा चांगला. मला जास्त कळेल."

मग तिने फोन दादांच्या पलंगावर ठेवायला सांगितला. दादांच्या बोटात खामगावच्या सराफाकडची एक जाड चांदीची अंगठी होती. लोखंडी पलंगाच्या दांडीवर ती वाजवायची: एक टक म्हणजे पावली, दोन म्हणजे अधेली, तीन म्हणजे बारा आणे, चार म्हणजे पुरा रुपया. ज्याचा जन्म हर्राशीत गेला त्याला हा व्यवहार सांगण्याची गरज नव्हती. जीभ गेल्यापासून दादा पहिल्यांदाच परक्या माणसाशी बोलले. दोन टक वाजले. वहिनी फोनवर ओरडल्या, "शिष्टर, सरकारी आनेवारी सांगून राह्यले हे! रातभर तळमळले!" सिस्टर म्हणाली, "दादा, खरी सांगा." जरा वेळाने चार टक वाजले, एकामागून एक, सावकाश.

त्या दिवशी संध्याकाळी मॉर्फिनच्या गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना विचारून वाढवली गेली. या गोळ्या दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळाच्या काट्यावर, दर चार तासांनी द्यायच्या असतात. दुखणे वर येण्याआधी त्याला गाठायचे. वेदना दाबण्याचे हे शास्त्र घडवण्यात सिसिली सॉंडर्स या इंग्रज बाईंचा मोठा वाटा. त्या आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर या नावाचे मरणासन्नांचे घर उघडले. मुंबईला वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ साली निघाले. आणि आमच्या सिस्टरच्या केरळात, कोझिकोडला, १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी जे काम सुरू केले ते पुढे गावोगावच्या साध्या माणसांनी आपल्या अंगावर घेतले. पुतण्या परवाना काढून मोटारसायकलवर जाई आणि त्या गोळ्या आणी. वाटेत तीन ठिकाणी पोलीस अडवीत. एकदा एका हवालदाराने चिठ्ठी वाचली आणि स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी त्याला देऊन पुढे पाठवले.

ही फोनवरून धीर देण्याची रीत कोणाच्या डोक्यातून निघाली, याचा पुढे मी सवडीने शोध घेतला. चॅड व्हारा नावाच्या एका पाद्र्याने १९५३ साली लंडनच्या एका चर्चमध्ये टेलिफोन मांडला आणि जिवाला कंटाळलेल्या माणसांनी फोन करावा असे जाहीर केले. फोन येऊ लागले, माणसेही येऊ लागली. पाद्रीबुवा एकटे. म्हणून आलेल्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत असे दिसले की चहा पिता पिताच बऱ्याच जणांचे मन मोकळे होते आणि पाद्रीबुवांना भेटायची गरज उरत नाही. तेव्हा त्यांनी फोनच स्वयंसेवकांच्या हाती दिला. मला हे वाचून त्या पाद्र्याबद्दल फार आदर वाटला. आपल्यापेक्षा चहावाले बरे काम करतात हे मान्य करणारे उपदेशक थोडे.

कर्करोगापुरते म्हणाल, तर व्हिकी क्लेमेंट-जोन्स या तरुण डॉक्टरबाईंची गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांना स्वतःलाच अंडाशयाचा कर्करोग झाला. डॉक्टर असूनही रोगी झाल्यावर आपल्याला साधे प्रश्न विचारायला कोणी नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८५ साली त्यांनी एक संस्था काढली. तिथे कर्करोगाचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका फोनवर बसत. डॉक्टर नव्हे, परिचारिका. डॉक्टरला लोक आजार विचारतात. परिचारिकेला विचारतात, केस पुन्हा येतील का, नातवाला मांडीवर घेऊ का, नवऱ्याला काय सांगू. १९८७ साली बाई गेल्या. फोन चालू राहिले. आपल्याकडे सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की मनाच्या कोणत्याही त्रासाबद्दल मराठीतही बोलता येते. ती कर्करोगासाठी मुद्दाम काढलेली नाही, पण त्या घरातल्या माणसाचे मनही मनच असते.

असो. आता जे सांगायचे ते सांगतो.

मेअखेर मानेला नवी गाठ आली. डॉक्टरांनी फोटो मागवून पाहिले आणि पुतण्याला स्पष्ट सांगितले की आता पुन्हा शस्त्रक्रिया नाही. त्रास होऊ द्यायचा नाही, एवढेच आपल्या हाती आहे. पुतण्याने मला सांगितले, मी वहिनींना सांगितले, आणि आम्ही तिघांनी मिळून ठरवले की दादांना सांगायचे नाही. असले ठराव सगळ्या घरांत एकमताने मंजूर होतात. दादांजवळ शाळेतली एक पाटी होती. तिच्यावर ते लिहीत. तिच्यावर त्यांनी दोन वेळा लिहिले: "मुंबईले कधी?" वहिनींनी दोन्ही वेळा "गाड्या सुरू झाल्या की" म्हणून पाटी पुसली. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसते "किती?" असे लिहिले. त्या दिवसापासून पाटी सापडेनाशी झाली. ती धान्याच्या कोठीमागे होती हे मला माहीत होते.

शुक्रवारी वहिनींनी सिस्टरला हे सांगितले. म्हणजे खांबापाशी उभ्या राहून, पदर तोंडात कोंबून सांगितले. मला वाटले, ती बाई आता उपदेश करील. तिने विचारले, "ताई, तुम्ही दोघांचा लग्न किती वर्षे झाला?" बेचाळीस. "एवढ्या वर्षांत दादानी तुमच्यापासून काही लपवलं, ते तुम्हाला कळलं नाही, असा झाला का?" वहिनी म्हणाल्या, "नाही वं माय. त्यायची मान पाहिली की मले समजते." पलीकडे ती काही बोलली नाही. वहिनी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी सांगा तुम्ही. मी जवळ बसतो."

मंगळवारी फोन पलंगावर ठेवला. वहिनींनी दादांचा डावा हात धरला. उजवा अंगठीसाठी मोकळा ठेवला. सिस्टर म्हणाली, "दादा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला कळायला पाहिजे का? पाहिजे असेल तर एक. नको असेल तर दोन." एक टक वाजला. "सगळा सांगू?" एक. "ताई जवळ आहे, तिच्यासमोर सांगू?" इथे दादांनी वहिनींकडे पाहिले, आणि मग एक वाजला. तिने सांगितले. तिचे ते मोडके मराठी त्या दिवशी मला मुळीच मोडके वाटले नाही. गाठ परत आली आहे. ती काढता येणार नाही. दुखू न देण्यासाठी आम्ही आहोत. किती दिवस ते कोणी सांगू शकत नाही, पण वर्ष नाही, महिने आहेत. मग ती थांबली. ओसरीवर कोंबड्यांचा तेवढा आवाज. दादांनी हाताने हवेत चौकोन काढला. वहिनी उठल्या आणि कोठीमागून पाटी घेऊन आल्या.

त्यांनी लिहिले: "सातबारा."

आम्हाला आधी समजेना. त्यांनी खाली लिहिले: "हिचं नाव." सात एकर वावर दादांच्या एकट्याच्या नावावर होते. शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढली आणि बायकांची नावे जमिनीला लावा म्हणून शरद जोशी गावोगाव सांगत फिरले, तेव्हा आमच्या गावातही काहींनी लावली. दादा त्या वेळी म्हणाले होते, "मी काय मरून राह्यलो का?" मागे तीन मुली आणि एक मुलगा, मुलगा चांगला, सून चांगली, पण चांगल्या घरांतून म्हाताऱ्या बायका गोठ्यात झोपलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दादांनीही. पुतण्याने दुसऱ्याच दिवशी कागद जमवले. अर्ज, दादांची सही, फेरफाराची नोंद, नोटिशीचे पंधरा दिवस; कचेऱ्या तेव्हा अर्ध्या माणसांवर चालत होत्या, म्हणून महिना लागला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नवा उतारा हाती आला. दादांनी तो दोन वेळा वाचला, वहिनींच्या नावावर बोट ठेवले आणि पलंगाच्या दांडीवर अंगठीने तीन ठोके दिले. एक, दोन, तीन: हर्रास तुटली की देतात तसे. वहिनी लाजल्या. चौसष्ट वर्षांच्या बाईला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिले.

सांगून टाकल्यामुळे सगळे सुखाचे झाले, असे मी म्हणत नाही. दोन रात्री दादांनी कोणाकडे पाहिले नाही. पुढे जखमेला वास येऊ लागला, आणि तो त्यांनाही येत होता. त्यांनी वहिनींना खोलीतून जायची खूण केली. त्या बाहेर येऊन ओसरीवर बसल्या आणि त्यांनीही दिवसभर अन्नाला हात लावला नाही. सिस्टरने एका साध्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सांगितली. चार दिवसांत वास गेला. मी आयुष्यभर मुलांना निबंधात 'मानवी प्रतिष्ठा' वगैरे विषय दिले. ती गोळी फार तर काही रुपयांची होती.

पोळ्याला आठ दिवस होते, तेव्हा पहाटे दादा गेले. अंत्ययात्रेला वीस माणसे, तीही तोंडे बांधून. शेवटचे दोन दिवस त्यांची अंगठी वाजली नव्हती. वहिनी त्यांच्या कपाळावरची शीर पाहून आणेवारी सांगत होत्या आणि सिस्टर ती खरी धरीत होती.

तेरावे झाल्यावर मंगळवारी चार वाजता पिशवी वाजली. मला वाटले, तिला कोणी कळवले नसेल. पण तिला ठाऊक होते. पुतण्याने त्याच दिवशी सांगितले होते. तिने विचारले, "ताई, जेवण झाला का?" वहिनींनी फोन तसाच कानाशी धरला आणि त्या रडल्या. दादा गेल्यापासून त्या नीट रडल्या नव्हत्या. आजीच्या रिवाजाप्रमाणे सुरू केले ते पुरते संपवले. त्यानंतर आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने असा तो फोन येत राहिला आणि एका दिवाळीनंतर थांबला. वहिनींनी तक्रार केली नाही. "तिले दुसरे घरं असतीन," म्हणाल्या.

ते दुसरे घर घाटावरचे निघाले. सिस्टरनेच दोन्हीकडे विचारून नंबर दिला: मेहकरकडची एक बाई, नवऱ्याची तीच शस्त्रक्रिया, तीच नळी, आणि घरात सांगायला कोणी नाही. मी गेल्या खेपेस गावी गेलो तेव्हा वहिनी खांबाला टेकून, दादांच्या पट्टीत, तिच्याशी बोलत होत्या. फोन नसता तरी मेहकरला ऐकू गेले असते.

"गाळनीनं नोको गाळू, कचरा राह्यते. जुन्या पातळाचा तुकडा घे, धुऊन, दोन पदरी. हाव. आन उशीले टेकवून बसव. दुखते किती म्हनते? आनेवारी इचार ना. नाही समजत? शेती नाही का तुमच्याकडं? मंग काय करत होते ते?"

पलीकडून काहीतरी उत्तर आले.

"एश्टीवर डायव्हर? मंग सोपं हाय वं. गाडी कोनत्या गेरमंधी हाय, थे इचार."